वाईचं मेडिकल सर्वेक्षण: माहिती कुठं ठेवली, कुठून गळली (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२६, सोमवार

प्रश्नावलीचा तिसरा खर्डा छापून आणला. चार पानं, सव्वीस प्रश्न. विषय साधा आहे. वाईत आणि आसपासच्या गावांत लोकांना औषधं वेळेवर मिळतात का, परवडतात का, आणि देताना कुणी नीट समजावून सांगतं का. रात्री उशिरा कुठलं मेडिकल उघडं असतं, जेनेरिक मागितलं तर देतात का, फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर असतो की नुसतं त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं. यातून नगरपालिकेपुढं आणि केमिस्ट मंडळींपुढं ठेवायला आठ-दहा पानांचा अहवाल करायचा आहे.

पहिल्याच पानावर नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, आधार क्रमांक (ऐच्छिक). हे कशाला हवंय म्हणून विचारलं तर कुणाला सांगता येईना. मग उलगडा झाला. गेल्या वर्षीच्या पाणी सर्वेक्षणाच्या फाइलमधून वरचा भाग जसाच्या तसा उचलला होता. पाण्याच्या फॉर्मनं तो त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी फॉर्मवरून घेतलेला. आधारची चौकट आमच्याकडं पिढीजात चालत आलीय.

पाचही रकाने लाल पेनानं खोडले. मग चौघा मुलांना (डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची, उत्साह दांडगा) बसवून प्रत्येक प्रश्नासमोर समासात लिहायला लावलं, की याचं उत्तर अहवालातल्या कुठल्या तक्त्यात जाणार. तक्ता सांगता आला नाही तर प्रश्न कटाप. सव्वीसाचे एकोणीस उरले.

८ जानेवारी, गुरुवार

एकाच प्रश्नावर दीड तास गेला: "आपण कुठल्या गावाहून आलात?"

अंतर कळायला हवं म्हणून गाव हवं, असं मुलांचं म्हणणं. बरोबरच आहे. पण धोम धरणाच्या पलीकडं खोऱ्यात एखाद्या वाडीत वीस-पंचवीस उंबरे असतात. त्या वाडीचं नाव, वय चौसष्ट, इन्सुलिन थंड ठेवायला फ्रिज नाही. एवढं लिहिलं की झालं. वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे कोण ते.

आपल्याला गाव नकोच आहे, अंतर हवंय. प्रश्न बदलला: "इथवर यायला किती वेळ लागतो आणि कशानं येता?" पायी, दुचाकी, एसटी, वडाप. यातून अहवालाला गावाच्या नावापेक्षा जास्तच कळतं, कारण नकाशावर जवळ दिसणाऱ्या वाडीला दुपारची एसटी नसेल तर ती लांबच.

वाई शहरातही तेच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह. आळी लिहिली की पुढं वय आणि औषध पुरतं. लटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेनं २००० साली दाखवून दिलं होतं, की पाच आकडी पोस्टाचा कोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव म्हणून ओळखू येऊ शकतात. तिथं त्यासाठी संगणक लागला. आपल्याकडं पारावर बसलेला एक म्हातारा बास. ४१२८०३ हा आपला पिन शहरासकट कितीतरी गावांना पुरतो, त्यामुळं पिन लिहिला तर काही बिघडत नाही. आळीनं मात्र बिघडतं. आळी काढली. जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवले. अठराच्या आतल्यांना विचारायचंच नाही, आईबापांच्या संमतीचा वेगळा कारभार आपल्याला झेपणारा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

संमतीचा मजकूर. पहिला खर्डा एकानं कुठल्यातरी सरकारी नमुन्यावरून केलेला: "सदर विदा संकलनाचे प्रयोजन..." मी मोठ्यानं वाचला तर पोरं हसायला लागली. विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात आहे त्या गावात राहून हे बोलू नये, पण "विदा" म्हटलं की आमच्या काकूंना पोरीची पाठवणी आठवेल. "माहिती" म्हणू. "संमती"ही नको, "चालेल का?" म्हणू.

शेवटी ठरलेला मजकूर, तोंडी सांगायचा:

"आम्ही मेडिकलच्या सोयीबद्दल विचारतोय. तुमचं नाव, फोन, पत्ता नको. आजार कुठला ते विचारणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर 'पुढं' म्हणा. मधेच थांबलात तरी चालेल. तुम्ही काय बोललात ते मेडिकलवाल्यांना कळणार नाही. होळीच्या आत हे कागद नष्ट करू."

शेवटचं वाक्य आधी "मार्च २०२६ च्या पहिल्या आठवड्यात" असं होतं. होळी म्हटलं की लक्षात राहतं.

अडचण अशी, की नावच घेतलं नाही तर उद्या कुणी "माझा कागद काढून टाका" म्हणालं तर तो शोधायचा कसा? नव्या कायद्यात, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागं घेणंही सोपं हवं असं म्हटलंय. मग युक्ती काढली. फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात तोच क्रमांक दोनदा छापायचा आणि अर्धा फाडून माणसाच्या हातात द्यायचा, सायकल स्टँडच्या पावतीसारखा. महाशिवरात्रीपर्यंत चिठ्ठी आणून दिली की तो कागद बाद. कुणी आणली ते विचारायचं नाही.

कॉलेजच्या एथिक्स कमिटीनं तोंडी संमती मान्य केली. सही घेतली असती तर अख्ख्या फॉर्मवर ओळख पटवणारी तेवढीच एक गोष्ट राहिली असती. मेडिकलच्या मालकांकडून मात्र लेखी सही घ्यायची.

१३ जानेवारी, मंगळवार

चाचणीचा दिवस. उद्या संक्रांत, सगळीकडं तिळगुळाची गर्दी, मेडिकललाही गर्दी.

अकरावा प्रश्न: "काउंटरवर तुम्हाला मोकळेपणानं बोलता येतं का?" तो आमच्या पोरानं काउंटरवरच विचारला. पुढं मालक, मागं पाच गिऱ्हाइकं. ज्याला विचारलं त्या गृहस्थांनी एकदा मालकाकडं पाहिलं, एकदा मागं. "येतं की! न यायला काय झालं?" फॉर्मवर "हो" वर खूण. तेच गृहस्थ पंधरा मिनिटांनी चहाच्या टपरीवर स्वतःहून म्हणाले, "अहो ताई, मूळव्याधीचं मलम मागायचं तर मी सातारला जातो."

फॉर्म रद्द. आता मुलाखत दुकानापासून निदान दहा पावलं लांब, आणि मागं कुणी उभं नसताना. आज पाच फॉर्म झाले, त्यातला एकच कामाचा.

अर्धा तास नुसती उभी राहून काउंटर पाहत होते. काचेवर मालकांचा फोन, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं, एकाखाली एक डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो. शेजारी उधारीची वही, पान उघडंच, नाव आणि पुढं गोळ्यांची नावं, रक्कम शेवटी. भिंतीला तार, तारेला जुन्या चिठ्ठ्या टोचलेल्या. पोऱ्या आतून ओरडतो, "काका, अल्प्राझोलाम संपली, दुसरी कंपनी चालेल का विचारा त्यांना!" ते "त्यांना" म्हणजे कोण, झोपेची-बेचैनीची ही गोळी कुणाला लागते, हे सगळ्यांनी वळून बघितलं. सॅनिटरी पॅड मात्र न मागता काळ्या पिशवीत. लपवायचं काय आणि नाही काय, याचा काउंटरचा स्वतःचा हिशेब आहे.

यातलं काहीही फॉर्ममध्ये बसत नाही. अहवालात दुकान न सांगता एक परिच्छेद करीन.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुकानदारांच्या मुलाखती. बहुतेकांनी चहा पाजला. एक-दोघांनी "तुम्ही एफडीएकडून आलात का?" म्हणून आधी खात्री करून घेतली. एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन.

आज एक प्रकार घडला. एका काकांनी कौतुकानं त्यांचं एच-वनचं रजिस्टर आमच्या मुलीपुढं उघडून धरलं. "बघ बाळ, एक ओळ चुकलेली दाखव." हे रजिस्टर १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे. शेड्यूल एच-वनमधलं औषध दिलं, म्हणजे सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, रिफॅम्पिसिनसारखी टीबीची औषधं, झोल्पिडेमसारखी झोपेची, की लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत उतरवायचं, वही तीन वर्षं सांभाळायची आणि तपासणीला दाखवायची. तपासणी म्हणजे औषध निरीक्षकाची. आमची नव्हे.

काकांचा हेतू चांगला होता आणि वही खरोखर सुरेख होती. पण मुलीनं तिथं ओळखीचं नाव वाचलं. टीबीचं औषध. परतताना रिक्षात ती गप्प होती, मग म्हणाली, "ताई, आता मी त्यांच्याकडं हळदीकुंकवाला गेले तर काय करू?" मी म्हटलं, जा, वाण घे आणि नेहमीसारखी बोल. एवढं सोडून आणखी काय सांगणार होते.

टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, २०१८ च्या अधिसूचनेनं ते औषध दुकानांनाही लागू झालं. म्हणजे काकांना ते नाव लिहायला आणि कळवायला कायद्यानंच सांगितलंय, आणि आम्हाला ते दिसायलाही नको होतं. एकच नाव, एकच वही.

नवा नियम: कुणी वही दाखवायला लागलं तर आधीच हात पुढं करून "काका, फक्त ठेवता की नाही एवढंच सांगा" म्हणायचं. रजिस्टरकडं बघायचं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

कागदावरची माहिती संगणकात भरायला सुरुवात. कायद्याच्या दृष्टीनं इथं उंबरठा ओलांडला जातो. नुसता कागद त्या कायद्यात येत नाही, कागदावरून संगणकात गेलेली वैयक्तिक माहिती येते.

संशोधनाला त्यात सूट आहे हेही लिहून ठेवते, कारण मुलं परवा "मग आपल्याला काही लागूच नाही" असं म्हणत होती. सूट सशर्त आहे. त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि नियमांत दिलेले निकष पाळायचे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार.

गुगल फॉर्म केला होता, तो मोडला. ईमेल गोळा करण्याचं बटण आम्ही बंद केलं होतं, पण प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि वेळ आपोआप पडते. मुलं जागेवरच फोनमधून भरणार होती. "१३:४२" आणि त्याच वेळचं दुकानाचं सीसीटीव्ही, झालं काम. आता संध्याकाळी सगळे फॉर्म एकत्र पिसून ऑफिसातल्या एकाच संगणकावर साध्या एक्सेलमध्ये भरायचे.

पुण्याचा भाचा आयटीत आहे. तो म्हणाला, "मावशी, मोबाइल नंबर घ्यायचा असेल तर हॅश करून ठेव, मग कुणाला उलगडणार नाही." हॅश म्हणजे नंबरचं सूत्रानं केलेलं पीठ, पिठाचे परत गहू होत नाहीत. ऐकायला छान. पण मीच त्याला विचारलं, आपल्याकडं मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात सहा ते नऊनं, म्हणजे शक्य नंबर किती? चारशे कोटी. संगणकाला चारशे कोटी नंबर एकेक करून दळून जुळवून बघायला किती वेळ? भाचा थोडा वेळ गप्प. "फार नाही," म्हणाला. मग नंबर न घेतलेलाच बरा.

२४ जानेवारी, शनिवार

वाईट दिवस.

सकाळी सव्वादहाला प्रकल्पाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्यातल्या एकानं फोटो टाकला. टेबलावर पसरलेले फॉर्म, वर "शंभर पूर्ण!!" आणि तीन फुगे. ग्रुपात एकतीस जण: आम्ही, कॉलेजचे सर, काही दुकानदार, दोन-तीन उत्साही नागरिक.

फॉर्मवर नाव नाही, आळी नाही, फोन नाही. पण सगळ्यात वरच्या कागदाचा शेवटचा चौकोन स्पष्ट वाचता येत होता. "आणखी काही सांगायचंय?" मुलानं इमानदारीनं शब्द न शब्द उतरवलेला: झोपेची गोळी रोज लागते, घरात माहीत नाही, मिस्टर एसटीत होते ते गेल्यापासून, गिरणीवर दळण टाकायच्या निमित्तानं बाहेर पडते तेव्हा घेऊन येते.

चार मिनिटांत ग्रुपवर एका सद्गृहस्थांचं उत्तर: "अरे ह्या तर आपल्या ... काकू." पुढं हसणारा चेहरा.

फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. गृहस्थांना फोन करून त्यांचा मेसेज काढायला लावला. ते म्हणाले, "त्यात काय एवढं, गावच आहे." डिलीट करून ग्रुपवरचा फोटो जातो, ज्यांच्या फोनात तो आधीच उतरला त्यांच्या गॅलरीतून जातोच असं नाही. एकेकाला फोन करत बसले. दुपारपर्यंत अठरा जणांनी काढल्याचं सांगितलं.

फोटो टाकणाऱ्या पोराला बोलले नाही. तो चौकोन फॉर्मवर मी ठेवला होता. एकोणीस प्रश्नांचा कीस काढला आणि विसावी मोकळी जागा तशीच सोडली, "लोकांना मन मोकळं करू दे" म्हणून. तिच्यासमोर समासात कुठल्याच तक्त्याचं नाव नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

काकूंकडं जाऊन आले. त्या पोराला बरोबर घेतलं, घर त्यालाच माहीत होतं. सून माहेरी गेल्याचं आधी कळलं म्हणून आजच.

सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, किती जण, ते उत्तर. पोरगा मान खाली घालून उभा. काकूंनी आधी त्याला बसायला पाट दिला.

"अगं, मेडिकलवाल्याला ठाऊक आहे, त्याच्या पोऱ्याला ठाऊक आहे, गिरणीवाल्याला संशय आहे. गावाला कळलं तर गाव चार दिवस बोलेल. पण सुनेला कळलं ना, तर ती रोज माझा डबा तपासेल. मुलाला फोन करेल. तो म्हणेल, आई, आता वाईत राहू नकोस, पुण्याला ये."

मग म्हणाल्या, "मला पुण्याला जायचं नाहीये."

डेटा चोरीच्या बातम्यांतल्या परदेशी टोळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी संगणकाला वीस अक्षरी पासवर्ड घातला होता.

त्यांचा फॉर्म काढून टाकू का, विचारलं. हो म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवली होती. ती आणून दिली, कागद समोर फाडला. निघताना पोराला म्हणाल्या, "पुन्हा विचारायला आलास तर सांगीन रे. लिहू नकोस फक्त."

माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावं, असं नव्या कायद्यात आहे. ती कलमं अजून लागू व्हायची आहेत. लागू असती तरी कळवण्याच्या नमुन्यात "डबा तपासेल" याला रकाना नसता.

२७ जानेवारी, मंगळवार

बदल: मोकळा चौकोन बंद. माणूस बोलला तर ऐकायचं, पेन खिशात. संध्याकाळी आठवेल तेवढं आपल्या शब्दांत एका ओळीत, "एकीला घरच्यांपासून औषध लपवावं लागतं" एवढंच, आणि तेही फॉर्मवर नाही, वेगळ्या वहीत. आधीच्या सगळ्या फॉर्मांचे शेवटचे चौकोन कात्रीनं कापले. कामाच्या टेबलाजवळ फोन आणायचा नाही. ग्रुपवर फक्त आकडा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन पाहुणे.

एक एमआर, औषध कंपनीचा प्रतिनिधी. बॅग, टाय, गोड बोलणं. कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुठल्या मेडिकलला जातात "एवढंच जरा" हवं होतं, नावं नकोत म्हणे, कॉलेजच्या मुलांसाठी टी-शर्ट देतो. आमच्याकडं ते नाहीच. नसलेलं देता येत नाही, ही फार सुखाची गोष्ट आहे.

दुसरं पत्र, पैसे देणाऱ्यांचं. लाभार्थ्यांची यादी पाठवा: नाव, मोबाइल, आधार, फोटो. "सर्वेक्षण प्रत्यक्षात झाल्याचा पुरावा म्हणून." त्यांचंही खरं आहे, घरी बसून फॉर्म भरणारे लोक मीही पाहिलेत. पण पुरावा आमच्या कामाचा द्यायचा, लोकांच्या आधारचा कशाला? मुलांच्या हजेरीचे तक्ते, दुकानदारांच्या सह्या, क्रमांक छापलेल्या फॉर्मचं प्रेसचं बिल पाठवलं. शिवाय कळवलं की तुमचा माणूस येऊन एक दिवस आमच्याबरोबर दहा पावलं लांब उभा राहू शकतो. उत्तर अजून नाही. दुसरा हप्ता अडकलाय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या महाशिवरात्र. आजवर काकू सोडून दोन चिठ्ठ्या परत आल्या. एक लहान मुलगी घेऊन आली, "आज्जीनं दिलीय." दुसरी ऑफिसच्या दाराखालून सरकवलेली होती.

फॉर्म फाडले, एक्सेलमधल्या ओळी काढल्या. मग लक्षात आलं की मधल्या काळात एकानं ती फाइल गुगल शीटवर चढवली होती, "बॅकअप म्हणून, ताई". तिथून ओळ काढली तरी जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात ती बसलेली असते. शीटच उडवली, कचऱ्याच्या पेटीतूनही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तक्ते. एकूण २०९ फॉर्म.

पाचपेक्षा कमी माणसं असलेला चौकोन छापायचा नाही, असं ठरवलंय. घरपोच औषध हवं म्हणणारे: पाच वयोगटांत १२, ९, १०, ७ आणि ३. शेवटचा तीनचा आकडा झाकून तिथं फुली मारली. मुलगी म्हणाली, "पण ताई, खाली बेरीज ४१ आहे की." चाराची बेरीज अडतीस, एकेचाळिसातून अडतीस गेले तीन. फुलीचा काय उपयोग! मग "साठच्या पुढं" असा एकच गट केला, सात आणि तीन दहा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं वेगळं दुखणं त्यात बुडतं, हे मला बोचतंय. त्यांच्यासाठीच घरपोचचा मुद्दा होता. अहवालात शब्दांत लिहीन, आकड्याविना.

दुकानांचंही असंच. रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी मेडिकल्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. "उशिरा उघडी असणाऱ्या दुकानांत फार्मासिस्ट नसतो" असं वाक्य मुलांनी लिहिलं होतं. ते वाक्य म्हणजे दोन-तीन माणसांची नावंच. "उशिरा औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते कसं घ्यायचं कुणी समजावलं नाही" असं फिरवलं. बैठकीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद नष्ट करायचे. मशीन नाही. एकजण म्हणाला रद्दीत. त्याच वेळी टेबलावर शेंगदाण्याची पुडी पडली होती, ती उलगडून बघितली तर कुठल्यातरी जुन्या अर्जाचं पान, नाव-गाव-उत्पन्नासकट. रद्दीचा विषय तिथंच संपला.

दुसरा म्हणाला, होळी तोंडावर आहे, होळीत टाकू. आमच्या आळीच्या होळीत अर्धवट जळके कागद दत्ताच्या देवळापर्यंत उडत जातात. नको.

घरी परसात तांब्याचा बंब आहे अजून.

१ मार्च, रविवार

सकाळी सहाला सुरुवात. फॉर्म आधी रात्रभर घमेल्यात भिजत घातले होते, शाई पार उतरली. लगदा पिळून गोळे केले, ते वाळायला किती दिवस लागतील देव जाणे. न भिजलेले कापलेले चौकोन थेट बंबात. चौघं पोरं जळण सारायला, आई ओरडतेय की राख सगळ्या ओट्यावर झाली.

आता उरलेलं: दुकानदारांच्या सह्यांचे कागद, लोखंडी पेटीत, ऑफिसात. कुलूप नवीन, एकशे ऐंशी रुपये, बिल लावलंय. एक किल्ली माझ्याकडं. दुसरी कुणाकडं द्यायची ते ठरलं नाही.

२४ जानेवारीचा फोटो: एकतीसांपैकी एकोणतीस जणांनी काढल्याचं कळवलं, त्यातल्या सहा जणांच्या फोनमध्ये मी स्वतः पाहिलं. उरलेल्या दोघांपैकी एकाचा नंबर बदललाय. ते सद्गृहस्थ फोन उचलत नाहीत. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार.